नैर्ऋत्येचं ऊन

फिनिक्सच्या खोऱ्यात जुलै महिन्यात संत्र्या-लिंबाच्या झाडाची प्रकृती बघायची असेल तर पहाटे साडेपाचला उठावं लागतं. दुपारी बघून काही कळत नाही, कारण दुपारी दोन वाजता इथलं ठणठणीत झाडसुद्धा शेवटच्या घटका मोजत असल्यासारखं दिसतं. पानं मधल्या शिरेवर आत वळलेली, कडा वर, शेंडे मलूल. हवा इतकी कोरडी असते की झाड स्वतःहून पर्णरंध्रं मिटून घेतं. बुडाशी पाणी असलं तरी मुळांना ते तेवढ्या वेगानं वर पोचवता येत नाही. रात्रीतून झाड सावरतं. पहाटे पान सपाट उघडलेलं असेल तर दुपारचा तो प्रकार निव्वळ उन्हाचा होता. पहाटेही पान मिटलेलंच असेल, तर मात्र मुळं पाणी पीत नाहीत आणि ती का पीत नाहीत हे शोधायला हवं.

मालक मात्र झाड बघतो दुपारीच. वातानुकूलित घरात काचेआड उभा राहून. घाबरतो आणि नळ सोडतो. इथल्या बहुतेक कोवळ्या झाडांच्या आजारपणाची सुरुवात या नळापासून होते.

हे ऊन विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही असं वाटतं, पण सांगावं लागतं. नागपूर-अमरावतीकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातोच. फरक आहे तो मुदतीचा. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की जमीन निवते, झाड सुटकेचा श्वास टाकतं. फिनिक्समध्ये १५ जून ते ३० सप्टेंबर या काळाला म्हणायला मान्सून म्हणतात, पण त्यात पावसापेक्षा धुळीच्या भिंती जास्त येतात. वर्षभराचा पाऊस सगळा मिळून १८० मिलिमीटरच्या आसपास. २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस इथलं तापमान ४३ अंश सेल्सियसच्या वर गेलं. त्या जुलैत एका रात्री पारा ३६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस दुपारचा पारा ३७.८ अंशांवर, म्हणजे त्यांच्या शंभर फॅरनहाइटवर किंवा त्याहून वर राहिला. लिंबूवर्गीय झाड पंचवीस-तीस अंशांत सुखानं वाढतं. अडतीसच्या पुढे ते वाढ थांबवून तग धरायच्या मागे लागतं. जे झाड वर्षातले चार महिने नुसता तग धरतं, त्याला एकही जास्तीची चूक परवडत नाही.

तरीही या वाळवंटात संत्री आहेत, आणि चांगली आहेत. ॲरिझोनाच्या शाळेतल्या मुलांना राज्याचे पाच आधार पाठ असतात: तांबं, गुरं, कापूस, लिंबूवर्गीय फळं आणि हवामान. इंग्रजीत पाचही शब्द एकाच अक्षरानं सुरू होतात, म्हणून ते पटकन पाठ होतात. सॉल्ट नदीच्या खोऱ्यात होहोकाम लोकांनी शेकडो वर्षं कालवे खणून शेती केली. पंधराव्या शतकाच्या सुमारास ती वसाहत मोडली. १८६७ नंतर गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच बुजलेल्या कालव्यांच्या रेषा पकडून पुन्हा पाणी खेळवलं. विल्यम मर्फी या कंत्राटदारानं १८८५ मध्ये ॲरिझोना कालवा पुरा केला आणि कॅमलबॅक डोंगराच्या पायथ्याकडे संत्र्यांच्या बागा उभ्या केल्या. पुढे बागा मोडून बंगले झाले. आर्केडिया नावाच्या त्या श्रीमंत वस्तीत अजूनही आवारा-आवारांत जुनी झाडं उभी आहेत. खोडं पांढऱ्या रंगानं रंगवलेली, फांद्यांचा घेर थेट जमिनीला टेकलेला.

ही जुनी झाडं तगली ती पाटपाण्यावर. सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट ही १९०३ सालची संस्था आजही जुन्या वस्त्यांतल्या आवारांना कालव्याचं पाणी पाळीनं देते. अंगणाला चारी बाजूंनी बांध असतो, आपली पाळी आली की दार उघडायचं आणि अंगण भरून घ्यायचं. कधी मध्यरात्री, कधी पहाटे तीनला. कालव्यावरच्या माणसाला ते लोक अजून स्पॅनिश काळातल्या नावानं ‘सान्हेरो’ म्हणतात. आपला पाटकरीच तो. वरूड भागातून आलेल्या एका संत्रा बागायतदाराला हे सांगितलं तेव्हा अमेरिकेत आल्यापासून प्रथमच त्यांचा चेहरा खुलला. “म्हणजे रात्री पाळीवर इथंही जागतात?” एवढं विचारून ते बराच वेळ हसत होते.

हे काका मुलीकडे सहा महिने राहायला आले होते. मुलगी आणि जावई दोघं फिनिक्सलगतच्या चांडलरमध्ये चिपच्या कारखान्यात नोकरीला. संत्र्याच्या तीन पिढ्या घरात असल्यामुळे मुलीनं नव्या घराच्या अंगणात हौसेनं वॉशिंग्टन नेव्हलचं कलम लावलं होतं. लावलं एप्रिलच्या शेवटी. इथल्या हिशेबानं ते उशिराच. फेब्रुवारी-मार्च किंवा मग ऑक्टोबर हे लागवडीचे खरे दिवस. जुलैत झाडाची निम्मी पानं पिवळी, उरलेल्यांचे शेंडे करपलेले, आणि वरच्या दोन फांद्या काडीसारख्या. जावयांनी तोवर खत घालून झालं होतं, एप्सम सॉल्ट घालून झालं होतं, लोहाची बाटली फवारून झाली होती. काकांनी झाडाला हात लावायच्या आधी विचारलं, “काऊन गं, रोज पाणी देऊन राह्यली काय?”

“दहा मिनिटं, बाबा. टायमर लावलाय.”

“दहा मिनिटांत पाणी जाते कुठं? वरचं वरच राह्यते.”

नवीन वस्त्यांमध्ये पाट नाही, ठिबक आहे. ठिबक आपल्याकडेही आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण इथे घर बांधणारा कंत्राटदार शोभेच्या झुडपांसाठी जी नळी टाकून जातो त्याच नळीवर लोक संत्रं जोडतात. झुडपाला रोज थोडं पाणी चालतं. संत्र्याला चालत नाही. त्याला एकदा खोल, दोन-तीन फूट उतरेल इतकं पाणी हवं आणि मग मधे अवकाश हवा, म्हणजे मातीत पुन्हा हवा शिरते. वाफसा यायला हवा, असं काका म्हणाले तेव्हा जावयांनी तो शब्द फोनमध्ये लिहून घेतला. मोठ्या झाडाला इथे भर उन्हाळ्यात सात ते दहा दिवसांनी पाणी देतात, हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांनी. कोवळ्या कलमाची मुळं अजून कुंडीतल्या मातीच्या गोळ्यातच असतात, त्यामुळे त्याला पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी द्यावंच लागतं. पण तेही सावकाश आणि खोल.

पाणी किती खोल गेलं हे कळायला काही यंत्र लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून तीन फुटी सळई आणायची आणि पाणी दिल्यानंतर झाडाजवळ जमिनीत दाबायची. ओल्या मातीत ती लोण्यात गेल्यासारखी जाते, कोरडी माती लागली की थांबते. काकांच्या हातातली सळई वीतभर जाऊन थांबली.

मग त्यांनी पानं वाचायला घेतली. संत्र्याच्या पानावर दोन गोष्टी बघायच्या असतात: पिवळेपणा जुन्या पानावर आहे की नव्या, आणि तो कोणत्या आकृतीत आहे. खालची जुनी पानं सरसकट फिकट पडली तर नत्र कमी. नव्या पानाचा पडदा पिवळा आणि शिरांची जाळी हिरवी राहिली तर लोहाची कमतरता. नवी पानं बारीक, अरुंद, शिरांमध्ये पिवळे पट्टे आणि एकमेकांना खेटून आलेली असतील तर जस्त. पिवळं असो वा हिरवं, पान टोकाकडून करपत कडेनं मागे सरकत असेल तर क्षार. अन्नद्रव्याच्या कमतरतेचा पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. तो डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला भलताच, असा डागाडागांचा असेल तर मात्र ग्रीनिंगची शंका घ्यावी. २००५ मध्ये फ्लोरिडात सापडल्यानंतर या रोगानं तिथला संत्रा व्यवसाय जवळपास झोपवला. तो पसरवणारी सिट्रस सायला ही कीड ॲरिझोनात २००९ मध्ये सापडली, त्यामुळे काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात पिवळं पान घेऊन गेलं की तिथले स्वयंसेवक पहिल्यांदा ते उजेडात धरून दोन्ही बाजू ताडून बघतात.

ॲरिझोना विद्यापीठाच्या या विस्तार सेवेबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. मास्टर गार्डनर म्हणून प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक तिथे लोकांच्या शंकांना उत्तरं देतात. बहुतेक सेवानिवृत्त. दवाखान्यात बसावं तसे लोक पिशवीतून फांद्या घेऊन येतात. मी तिथे बसून ऐकलं ते थोड्याफार फरकानं एकच संभाषण होतं. माणूस विचारतो, कोणतं औषध मारू? स्वयंसेवक विचारतो, पाणी कसं देता? माणूस म्हणतो, पाणी भरपूर देतो. मग स्वयंसेवक खुर्ची पुढे ओढतो.

चांडलरच्या झाडावर लोहाची खूण होती, क्षारांची होती आणि थोडी नत्राचीही. तीन औषधांची तीन बिलं इथेच होतात. पण सळई वीतभरच जात होती, आणि ते एक कारण तिन्ही खुणांना पुरतं. सॉल्ट आणि कोलोरॅडो या दोन्ही नद्यांचं पाणी जड आणि क्षारयुक्त आहे. पाणी रोज थोडं थोडं दिलं की ते वरच्या थरातून उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात, नेमके कोवळ्या मुळांच्या भोवती. ड्रिपरच्या ओल्या वर्तुळाच्या कडेला पांढरा पापुद्रा धरला होता, तो जावयांना खताचा वाटला होता. पाटपाण्यावरच्या जुन्या बागांत दर पाळीला हे क्षार मुळांच्या खाली धुऊन जातात. आर्केडियातली झाडं साठ-सत्तर वर्षं टिकली यात त्या धुण्याचा वाटा मोठा आहे.

लोहाचं प्रकरण त्याहून मजेशीर आहे. इथल्या मातीत लोह भरपूर असतं. पण मातीचा सामू आठच्या वर, चुनखडी मुबलक, आणि अशा मातीत लोह झाडाला घेता येईल अशा रूपात राहतच नाही. त्यात माती सतत ओली राहिली की मुळांभोवती बायकार्बोनेट वाढतं आणि उरलंसुरलं लोहही अडकून बसतं. म्हणजे घाबरून दिलेल्या पाण्यानं पान पिवळं पडतं, आणि पिवळं पान बघून माणूस आणखी पाणी देतो. लोह घालायचंच असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेट घ्यावं लागतं. स्वस्त ईडीटीए चिलेट या सामूला टिकत नाही, मातीत पडताच लोह सोडून देतं. विदर्भातल्या चुनखडीच्या रानांत हाच त्रास आहे, त्यामुळे काकांना हे पाठ होतं. त्यांनी बाटलीवरचं नाव वाचायला लावलं. ईडीटीए निघालं.

“फेकू नका,” ते जावयांना म्हणाले, “पण त्याच्या भरवशावर राहू नका.”

एप्सम सॉल्टबद्दल माझं मत त्यांच्यापेक्षा कडक आहे. ते मॅग्नेशियम सल्फेट आहे, आणि मॅग्नेशियम इथल्या पाण्यातच पुरेसं असतं. क्षारांनी गांजलेल्या झाडाला वरून आणखी एक क्षार घालण्याचा हा उद्योग कुणी सुरू केला कोण जाणे. नत्राचं खतही तसंच. नव्यानं लावलेल्या कलमाला पहिलं वर्षभर तरी खत नको, असंच जाणकार सांगतात. मोठ्या झाडांना वर्षातून तीन हप्ते, आणि त्यांच्या तारखा इथले लोक सणांवरून लक्षात ठेवतात: व्हॅलेंटाइन डे, मेअखेरचा मेमोरियल डे, सप्टेंबरातला लेबर डे. आपण नक्षत्रं मोजतो तसंच.

पानं झाली, आता खोड. काका खाली वाकले आणि बुंध्याभोवतीची खडी हातानं उकरू लागले. फिनिक्समध्ये अंगणात माती दिसणं कमीपणाचं समजतात. सगळीकडे तांबूस खडी पसरलेली असते. ती दिवसभर तापते आणि रात्रभर उष्णता सोडत राहते. ही खडी बुंध्याला चार बोटं चढलेली होती आणि तिच्याखाली कलमाचा जोड गाडला गेला होता. विदर्भात कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर वर ठेवतात, आणि दुहेरी आळं करतात, म्हणजे खोडाला पाणी लागत नाही. कारण डिंक्या. फायटोफ्थोरा ही बुरशी ओल्या सालीतून आत शिरते आणि साल कुजवत बुंध्याला फिरते. चांडलरच्या झाडाला डिंक आलेला नव्हता. पण जोडाखालून एक जोमदार हिरवा फुटवा वर आला होता, आणि मुलगी त्याच्याकडेच आशेनं बघत होती. काकांनी त्याचं पान उलगडून दाखवलं. तीन पानांचं. नेव्हलचं पान कधी तीन पर्णिकांचं नसतं. तो फुटवा खुंटाचा होता.

तीन पर्णिका म्हणजे ट्रायफोलिएटच्या रक्ताचा खुंट, बहुधा कॅरिझो. कॅलिफोर्नियात तो नावाजलेला आहे, पण चुनखडीच्या जमिनीत लोहासाठी कुरकुरतो. इथल्या जुन्या बागा आंबट संत्र्याच्या खुंटावर आहेत. आपल्याकडे जंबेरी किंवा रंगपूर लिंबू वापरतात. रोपवाटिकेत झाड घेताना जात सगळे विचारतात, खुंट कुणी विचारत नाही. दुकानातल्या चिठ्ठीवर तो बहुतेक वेळा लिहिलेलाही नसतो.

खोडाच्या दुसऱ्या बाजूला खरी जखम होती. झाड घराच्या पश्चिम भिंतीपुढे लावलेलं. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत समोरून ऊन, आणि मागून तापलेल्या भिंतीची धग. त्यात कुणीतरी, ‘छान दिसतं’ म्हणून, खालच्या फांद्या छाटून खोड मोकळं केलेलं. नैर्ऋत्येकडच्या बाजूला साल तपकिरी होऊन उभी चिरली होती आणि नखानं दाबलं की पोकळ वाजत होती. संत्र्याची साल पातळ असते, तिला थेट उन्हाची सवय नसते. झाड स्वतःच्या पानांनी ती झाकून घेतं. म्हणूनच इथे जमिनीला टेकलेला घेर ठेवतात आणि उघडं पडलेलं खोड पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या रंगात निम्मं पाणी घालून रंगवतात. काकांच्या बागेतही खोडं रंगवतात, पण ते बोर्डो मलम असतं, बुरशीसाठी. त्यांनी आधी तेच मागितलं. बुरशी या कोरड्या हवेत दुय्यम आहे आणि इथे शत्रू ऊन आहे, हे पटायला त्यांना एक संध्याकाळ लागली. पश्चिम भिंतीला पाठ टेकून बसवल्यावर पटलं.

शेवटचा प्रश्न खड्ड्याचा. या खोऱ्यात जमिनीखाली ठिकठिकाणी कॅलिची असते, चुन्यानं घट्ट झालेला थर, कधी मऊसर तर कधी सिमेंटसारखा. झाड लावण्याआधी खड्डा पाण्यानं भरून बघतात. चार तासांत पाणी चार इंच उतरलं तर ठीक. नाही उतरलं तर थर पहारीनं फोडून खाली वाट करून द्यायची, किंवा जागा बदलायची. इथे हे कुणी बघितलं नव्हतं. काकांनी झाडापासून दोन हातांवर एक भोक घेतलं, भरलं, आणि बांधावर बसावं तसे सावलीत बसून राहिले. पाणी उतरलं, सावकाश, पण उतरलं. म्हणजे खड्डा वाईट नव्हता. एवढी एक बातमी चांगली होती.

उपचार म्हणून जे झालं त्यात विकत आणलेलं फार काही नव्हतं. खडी चार फुटांवर ढकलली. जोड उघडा केला. खुंटाचा फुटवा मुळाशी मोडून काढला. ड्रिपर बुंध्यापासून हलवून फांद्यांच्या घेराच्या कडेला नेले, आणि रोजच्या दहा मिनिटांऐवजी दोन दिवसांआड काही तास ठिबक, सळई दोन फूट जाईपर्यंत. पश्चिमेला अर्धी सावली देणारी जाळी, झाडाला गुंडाळून नव्हे, बांबूवर ताणून. खोडाला पांढरा रंग. उन्हाळ्यात छाटणी नाही. वाळलेल्या काड्याही तशाच ठेवल्या, कारण त्यांची थोडी का होईना सावली पडते. लिंबाएवढी तीन फळं लागली होती, ती काढून टाकली. यावर मुलगी खरोखर रुसली. पहिली दोन-तीन वर्षं फळ घेऊ नये हे तिच्या वडिलांनीच हजार जणांना सांगितलेलं असणार, पण अमेरिकेतल्या स्वतःच्या अंगणातलं पहिलं संत्रं म्हटल्यावर तिला ते नको होतं.

ऑगस्टमध्ये पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आल्या. काकांनी त्या ओळखल्या आणि त्यांना हायसं वाटलं. आपल्याकडे लिंबाळी फुलपाखराची अळी अगदी अशीच दिसते. इथली तिची चुलत बहीण. कोवळी पालवी असल्याशिवाय ती येत नाही, म्हणजे झाडानं पालवी धरली होती. अळ्या हातानं वेचल्या. नव्या पानांवर नागअळीच्या पांढऱ्या वळणदार रेषाही होत्या. त्यांच्याकडे इथले जाणकार लक्षच देत नाहीत, आणि काकांनीही दिलं नाही.

ऑक्टोबरपर्यंत चित्र असं होतं: ईशान्येकडच्या तीन फांद्या जोडाच्या वरून हिरव्यागार, नैर्ऋत्येचा निम्मा बुंधा मेलेला. साल तिथे सुटून आत लाकूड दिसत होतं. विस्तार कार्यालयातल्या स्वयंसेविकेनं फोटो बघून स्पष्ट सांगितलं की घेराचा अर्ध्याहून कमी भाग मेला असेल तर झाड जखम झाकत जाईल, पण वर्षं लागतील; त्यापेक्षा याच महिन्यात आंबट संत्र्याच्या खुंटावरचं नवं कलम पूर्वेच्या बाजूला लावलं तर ते तीन वर्षांत याच्या पुढे जाईल.

काकांना नागपुरी संत्र्याचे डोळे गावाहून आणून इथे भरायचे होते. ते जमणार नाही हे त्यांना जावयांनी सांगितलं. परदेशातून लिंबूवर्गीय काडी अमेरिकेत आणायला बंदी आहे आणि ग्रीनिंगनंतर ती कुणी सैल करणार नाही. मग त्यांनी नव्या कलमाच्या बाजूनं कौल दिला. मुलीनं जुनं काढायला नकार दिला. शेवटी दोन्ही ठेवायचं ठरलं, नवं पूर्वेला, जुनं जागच्या जागी जाळीसकट. नोव्हेंबरात काका परतले तेव्हा जावयांनी टायमरचं वेळापत्रक हिवाळ्यासाठी बदललं होतं, आणि सळई गॅरेजच्या दारामागे उभी करून ठेवली होती.